अथर्व पुण्याला येणार नाही

ती. आई आणि आण्णांना,

साष्टांग नमस्कार.

फोनवर बोलायला लागलं की आण्णा स्पीकर लावतात, आई स्वयंपाकघरातून काहीतरी ओरडून सांगते आणि बोलायचं तेवढं राहून जातं. म्हणून लिहितेय. आई, आण्णांना मोठ्यानं वाचायला सांग, पण अथर्व घरात नसताना.

अथर्वला पुण्याला आणायचं नाही, असं मी ठरवलंय. बारावी तुमच्याकडं राहूनच करेल. कॉलेजात बोलून झालंय, त्याच्या बाबांशीही बोलले (हो, उचलला त्यांनी फोन). आणि त्यानं सीईटीचा क्लास सोडलाय, तेही माझ्या परवानगीनं. फी गेली, जाऊ दे. तुम्ही त्याला रागावू नका. रागवायचं असेल तर मला रागवा, मला सवय आहे.

तुमचं म्हणणं मला कळत नाही असं नाही. आण्णा म्हणाले, ओंकार डेंग्यूनं गेला, आता पोराला हवापालट हवा. गंगावेशीत गेला की ओंकार, रंकाळ्यावर गेला की ओंकार, दाराची कडी वाजली तरी ओंकार, पोरगं त्यातून बाहेर कसं येणार? हे सगळं खरं आहे. पण माझ्याकडं आणून मी काय करणार, सांगा. मी सकाळी साडेआठला घर सोडते, रात्री आठला परत. दिवसभर तो सहाव्या मजल्यावर एकटा. वर्षाच्या मध्यात नवीन कॉलेज, नवीन पोरं. तिथं कुणी विचारलं, गप्प का रे, तर ओंकार कोण होता इथपासून सांगायला लागणार. कोल्हापुरात त्याला कुणाला काही सांगावं लागत नाही. पानपट्टीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना माहीत आहे, हा ओंक्याचा दोस्त. त्याला ह्याची जास्त गरज आहे असं मला वाटतं. खूप विचार केलाय मी, रात्र रात्र केलाय.

तुम्हाला वाटेल, हिला स्वतःची सोय बघायचीय, म्हाताऱ्यांच्या गळ्यात घातलं. तसं नाही. तुमचा त्रास कमी कसा होईल ते सगळं बघितलंय. मावशी आता संध्याकाळीही येतील, त्यांच्याशी पैशाचं बोलणं झालंय, आई तू त्यात पडू नकोस. भाकरी त्या थापतील, तू फक्त पांढऱ्या रश्श्याचं वाटण सांग. मागच्या संडासाला धरायला दांडा बसवायला माणूस येईल, त्याला ‘नंतर ये’ म्हणून परत पाठवू नका. वरच्या खोलीत अथर्व झोपतो, तिथला दिवा रात्री जळत राहिला तरी चालेल, बिल मी भरते. आणि शुक्रवारी रात्री पुण्यातून महालक्ष्मी पकडली की शनिवारी सकाळी मी दारात, दर आठवड्याला नाही जमलं तरी एकाआड एक तरी.

आता त्याच्याबद्दल. तुम्ही त्याच्यासमोर असता, मी लांबून सांगतेय, हे जरा विचित्रच आहे. पण रात्री दोन वाजता तो मला मेसेज करतो, तुम्हाला उठवत नाही. म्हणून काही गोष्टी मला माहीत आहेत.

ओंकारचा ताप उतरला त्या दिवशी दोघं फोनवर तासभर बोलले होते. पोट दुखतंय म्हणाला होता ओंकार. हा म्हणाला, खाऊन खाऊन दुखत असेल. दोघं हसले. डेंग्यूत खरा धोका ताप उतरतो तेव्हाच सुरू होतो, रक्तातलं पाणी नसांबाहेर झिरपतं, बीपी कोसळतं, पोटात दुखणं आणि उलट्या ही त्याची खूण असते, हे अथर्वनं नंतर वाचून काढलं. आता रोज तेच वाचत बसतो. मी हसलो, म्हणतो. सतरा वर्षांच्या पोराला हे माहीत असायचं कारण नाही, ताप उतरला म्हणून तिथं मोठी माणसंही निर्धास्त झाली होती. हे मी त्याला सांगते. तुम्हीही सांगा, त्यानं विषय काढला तर. ‘देवाची इच्छा’ आणि ‘त्याचं आयुष्य तेवढंच’ हे मात्र नको. आई, तू मायेनंच म्हणतेस, पण त्याला ते लागतं.

एका दिवशी तो मॅच बघून खुशीत येईल, पोटभर जेवेल, दुसऱ्या दिवशी ताटावरून उठून जाईल. म्हणजे सुधारला होता तो बिघडला, असं नाही. ह्या वयात दुःख असंच हप्त्यानं येतं, असं समुपदेशक बाई म्हणाल्या. ‘आता किती दिवस’ असं विचारू नका. त्याच्या टेबलावरचा तो निळा टी-शर्ट धुवायला टाकू नका, तो ओंकारचा आहे.

एकच गोष्ट लक्ष ठेवून बघा. अजिबात झोपेनासा झाला, आपल्या वस्तू वाटून टाकायला लागला, किंवा ‘मी नसतो तर बरं’ असं काही बोलला, तर मला लगेच फोन, रात्री-अपरात्री. मी उचलला नाही तर 14416 लावा. सरकारचा टेलिमानसचा नंबर आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. फोनशेजारी मोठ्या आकड्यात लिहून चिकटवा. घाबरू नका, तसं काही होईल म्हणून नाही सांगत. गॅस सिलिंडरवाल्याचा नंबर नाही का आपण भिंतीवर लिहून ठेवत?

आई, आजी गेली तेव्हा मी दहावीत होते, आठवतं? तू मला काहीच समजावलं नाहीस. रोज संध्याकाळी केसांना तेल लावायला पुढ्यात बसवायचीस आणि बोलायची नाहीस. आण्णा सायकलवर पुढं बसवून रंकाळ्याला न्यायचे, दहावीतली घोडी मी, नळीवर मावत नव्हते तरी. भेळ घ्यायची, परत यायचं. तसंच करा त्याचं. तेल लावू देणार नाही, पण शेजारी बसू देईल.

आता अवघड विषय.

तो ओंकारच्या बाबांच्या चपलांच्या दुकानात बसतो, हे तुम्हाला आवडलेलं नाही. आण्णा फोनवर म्हणाले, ‘तो आपला धंदा नव्हे.’ काळजीपोटी म्हणालात, बारावीचं वर्ष आहे म्हणून म्हणालात, मला माहीत आहे. पण अथर्वनं ते जिन्यातून ऐकलं. आण्णा, दर 26 जूनला शाहू जयंतीला तुम्ही शाळेत भाषण करायचात. तेव्हा अस्पृश्य मानलेल्या गंगाराम कांबळेंना महाराजांनी हॉटेल काढून दिलं आणि स्वतः तिथं जाऊन चहा प्यायले, ही गोष्ट मला तुमच्याच तोंडून पाठ आहे. मी पुढं काही लिहीत नाही. 2019 च्या पुरात तुमच्या गोळ्या आणायला कमरेएवढ्या पाण्यातून कोण गेलं होतं, तेही तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

आधी मला वाटलं, मित्राच्या वडिलांना सोबत म्हणून जातोय. ओंकारला स्वतःला त्या कामाचा वैताग होता, कातड्याच्या वासानं डोकं दुखतं म्हणायचा, त्याला कॉम्प्युटरला जायचं होतं. त्यामुळं मित्राचं राहिलेलं पुरं करतोय, असंही नाही. अथर्व तिथं आधी नुसता बसायचा. मग काकांनी हातात कातडं टोचायची आरी दिली. आता कातड्याची वादी ओवतो, वेणी घालतो. त्या घरच्या बायकांनी शिकवली त्याला वेणी, आणि त्यांच्याइतकी बारीक अजून जमत नाही म्हणून चिडतो. फोनवर तासभर मला चपलेच्या कानाचं सांगत होता, तो तळाच्या दोन थरांत कसा बसवायचा, खिळा न मारता सगळं वादीनं कसं शिवायचं, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं हाताला कसं कळतं. ऑगस्टनंतर त्याच्या तोंडून इतकी वाक्यं मी ऐकली नव्हती. ज्या पोराला पेन्सिलीला टोक करता यायचं नाही, त्याचे हात इतके चांगले आहेत हे आपल्यापैकी कुणाला माहीत होतं?

जूनमध्ये त्या इटलीच्या प्राडानं मिलानच्या शोमध्ये आपल्या चपलेसारखी चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, तेव्हा ही दोघं पोरं हसून लोळली होती. पुढं कंपनीनं प्रेरणा इथलीच असल्याचं मान्य केलं. आता अथर्व त्यातलं कायद्याचं वाचतो. 2019 साली चपलेला जीआय, म्हणजे वस्तू कुठल्या भागाची ते सांगणारं सरकारी मानांकन मिळालं, त्यात आपले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार आहेत. म्हणजे बेळगाव जिल्ह्यातली अथणीही त्यातच. तुमचा आणि मामांचा अस्सल चप्पल कुठली हा वाद सरकारनंच मिटवून टाकलाय.

पादत्राणांचं डिझाइन शिकवणारी केंद्र सरकारची संस्था आहे, एफडीडीआय, 1986 पासून. नोएडाला आहे, चेन्नईला, हैदराबादला, महाराष्ट्रात नाही. बारावी कुठल्याही शाखेची चालते, प्रवेश परीक्षा असते. तो तिथं जायचं म्हणतोय. उद्या मन बदलेल कदाचित. हे त्याला खरंच आवडतं की दुःखातून हाताला काहीतरी चाळा हवाय, मला सांगता येत नाही, त्यालाही येत नसावं. म्हणून आताच ‘मग इंजिनिअर नाही का होणार’ असं विचारू नका. बारावी सायन्सची व्यवस्थित द्यायची, एवढं वचन मी घेतलंय. संध्याकाळी सहा ते आठ दुकान, त्यानंतर अभ्यास.

आई, वासाचं तू म्हणालीस. पिशवी बाहेर पडवीत ठेवेल, आंघोळ करून मगच स्वयंपाकघरात येईल. मला हे सोवळं पटत नाही, तुला माहीत आहे, पण त्यावरून तुमच्यात रोज खटका नको. त्याच्या बोटाला आरी लागली तर हळद भरू नकोस. साबणानं धुवायचं, धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं आहे.

आणि आता माझं ऐकायचं. मागचा हौद दर आठवड्याला रिकामा करून घासून कोरडा करायचा, नुसतं पाणी बदलून चालत नाही, डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटून राहतात. बाटलीतला मनीप्लांट, फ्रिजमागची थाळी, तुळशीखालची बशी, सगळं. हा डास दिवसा चावतो, म्हणून आण्णा दुपारी पडवीत उघड्या अंगानं झोपायचं नाही. तुमची रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, तेव्हा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर. मनानं काही घ्यायचं नाही, कपाटातल्या त्या अंगदुखीच्या गोळ्या तर नाहीच. ताप उतरला तरी पुढचे दोन-तीन दिवस मला सकाळ-संध्याकाळ फोन. गंगावेशीच्या कट्ट्यावर दूध प्यायला जाता ते मला कळलंय. एक पेला, रोज नाही.

शनिवारी येते. काही आणायचं असेल तर अथर्वला मेसेज करायला सांगा, तेवढंच बोलणं होतं.

तुमची,
सुमा

ता. क. आई, तो तुझ्यासाठी चप्पल करतोय, तुला सांगू नको म्हणालाय, तेव्हा हातात आली की नवल वाटल्यासारखं कर. पहिले दिवस चावणारच, तेल लावून घाल, लगेच काढून ठेवू नकोस. पुढचा जोड आण्णांचा आहे. त्यांचं माप संध्याकाळी घ्यायला सांग, डावा पाय तेव्हा सुजलेला असतो. आणि ती सूज डॉक्टरांनाही दाखवा, सोमवारीच.