सेल बदलण्याआधी एवढे पाहा

मा. संपादक,
स. न.

आपल्या पुरवणीतील प्रश्नोत्तरांच्या सदरात एका वाचकाने विचारले होते, की संगणकाचे घड्याळ सारखे मागे पडते, काय करावे? उत्तर एका ओळीत आटोपले होते : ‘मदरबोर्डवरचा सेल बदला.’ (मदरबोर्ड म्हणजे संगणकातला मुख्य सर्किट बोर्ड.) उत्तर चूक नाही, पण अर्धेच आहे. मी संगणकदुरुस्तीचे काम करते, त्यामुळे उरलेल्या अर्ध्याशी माझी नेहमी गाठ पडते. नवा सेल घालूनही घड्याळ मागेच, म्हणून वैतागलेली माणसे यंत्र उचलून घेऊन येतात.

मी त्यांना आधी एकच विचारते : वेळ मागे पडते ती संगणक बंद असताना, की चालू असताना? हे बहुतेकांनी पाहिलेलेच नसते. पाहणे अवघड नाही. इंटरनेट तोडून ठेवावे, संध्याकाळी बंद करताना वेळ मोबाइलशी ताडावी आणि सकाळी सुरू केल्या केल्या पुन्हा ताडावी. मग दिवसभर काम करून एकदा ताडावी. निम्मे निदान इथेच होते.

कारण संगणकात घड्याळे दोन असतात. मदरबोर्डवरचे घड्याळ यंत्र बंद असतानाही चालते आणि वीज तोडलेली असेल तेव्हा त्या चपट्या सीआर २०३२ सेलवर जगते. दुसरे ऑपरेटिंग सिस्टीमचे. ते सुरू होताना पहिल्याला वेळ विचारते आणि पुढे सहसा आपले आपण मोजत राहते. म्हणजे चालू संगणकात दुपारपर्यंत दहा मिनिटे मागे पडत असतील, तर सेल बदलून काय होणार? तिथे सदोष ड्रायव्हर (एखादा भाग चालवणारे सॉफ्टवेअर), ठरवून वाढवलेला प्रोसेसरचा वेग, किंवा व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेला दुसरा संगणक, थांबवून पुन्हा सुरू केले का, हे तपासावे लागते. बायोस, म्हणजे संगणक सुरू करून देणारे मदरबोर्डवरचे मूळ सॉफ्टवेअर, अद्ययावत केल्यानेही कधी कधी प्रश्न सुटतो.

फरक नेमका काही तासांचा आणि दर वेळी तेवढाच असेल, तर यंत्राला हातही लावू नका. टाइम झोन पाहा. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील, तर हटकून हेच होते : विंडोज मदरबोर्डवरच्या घड्याळात स्थानिक वेळ आहे असे धरते, लिनक्स बहुधा जागतिक वेळ धरते, आणि दोघे एकमेकांचे काटे फिरवत बसतात.

सेल खरोखर मरतो तेव्हाही तो सरळ सांगत नाही. एका कार्यालयातला हिशेबाचा संगणक फक्त सुटीनंतरच मागे पडायचा. आठवडाभर तो बंद केला तरी भिंतीवरचे बटण चालूच असे, त्यामुळे घड्याळाला वीज मिळत राही. सुटीच्या आधी कोणीतरी शिस्तीने मेन स्विच बंद करी आणि सगळा भार त्या थकलेल्या सेलवर येई. नवा सेल मल्टिमीटरवर तीन व्होल्टच्या किंचित वर दाखवतो. त्याहून बराच खाली आला, की बदलावा.

इंटरनेट तर हे दुखणे झाकूनच ठेवते. वेळ जुळवण्याची एनटीपी ही पद्धत १९८५ पासून आहे आणि ती इतकी मुकाट्याने काम करते, की सेल संपल्याचे महिनोन्‌महिने कळत नाही. पण तारीखच काही वर्षे मागे गेली, तर गंमत होते. घरगुती विंडोज पंधरा तासांहून मोठी चूक सहसा आपणहून दुरुस्त करत नाही. जुन्या तारखेमुळे संकेतस्थळांची प्रमाणपत्रे अवैध ठरतात, पाने उघडत नाहीत, आणि शिव्या खातो तो इंटरनेटवाला!

दर महिन्याला मिनिटभराचा फरक मात्र सोडून द्या. मदरबोर्डवरच्या घड्याळात वेळ मोजणारा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. दहा लाखांत वीस इतकी चूक साध्या स्फटिकात चालते, आणि तिचेच महिन्याला ५२ सेकंद होतात. शिवाय तो २५ अंश सेल्सियसच्या आसपास सर्वांत वेगाने चालतो; त्याहून तापला किंवा गारठला, दोन्ही वेळा मंदावतो. एनटीपी चालू ठेवले, की हा विषय संपला.

सेलच बदलायचा ठरला, तर बायोसमधल्या सेटिंग्जचे फोटो आधी काढून ठेवा आणि डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचे डिस्क कुलूपबंद करणारे साधन) असेल तर त्याची रिकव्हरी की हाताशी ठेवा. नंतर ती मागितली जाऊ शकते. वायर काढा, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरा, मगच कॅबिनेट उघडा. लॅपटॉप मात्र घरी उघडू नये असे माझे मत आहे. काहींत हा सेल वायरला जोडलेला असतो, काहींत वेगळा सेल नसतोच.

आणि काढलेला सेल टेबलावर टाकून उठू नका. लहान मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. तो चिकटपट्टीत गुंडाळून ई-कचऱ्यात द्यावा आणि कोणी गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट रुग्णालय गाठावे. सदराच्या पुढच्या अंकात निदान ही एवढी सूचना तरी छापावी, ही विनंती.

आपली,
संगणकदुरुस्ती करणारी एक वाचक