चरईतल्या टायपिंगच्या मॅडमना

मॅडम, सप्रेम नमस्कार.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, मशीन बंद केलंत का?" म्हणून विषय संपवता. म्हणून हे जाहीर पत्र. तुमचं आणि क्लासचं नाव घालत नाही, तशी तुमची अटच आहे. पण तुम्ही काय काय केलंत ते मात्र लिहिणार. ठाण्यात गल्लोगल्ली क्लास आहेत. ते चालवणाऱ्या एक-दोघांनी जरी हे वाचलं, तरी माझ्यासारख्या कुणाला तरी प्रवेश मिळेल.

माझ्यासारख्या म्हणजे कशा, तेही सांगून टाकते. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला मला स्किझोफ्रेनिया झाला. आता चाळिशी ओलांडली आहे. गोळ्या नियमित चालू आहेत आणि आजारात कानात ऐकू येणारे, प्रत्यक्षात नसलेले आवाज बहुतेक वेळा येत नाहीत. उरलंय ते वेगळंच. लक्ष टिकत नाही, एका दमात चार सूचना दिल्या की दोन निसटतात आणि उठून काही करावं ही उमेदच कित्येकदा येत नाही. नातेवाईक याला आळस म्हणतात. डॉक्टर म्हणतात हाही आजाराचाच भाग, आणि आवाजांवर गोळ्या जितक्या चालतात तितक्या यावर चालत नाहीत.

त्यात आम्ही ठाणेकर. "याला ठाण्याला पाठवा रे" हा विनोद ऐकला नाही असा माणूस मुंबईच्या आसपास सापडणार नाही, कारण इथलं मनोरुग्णालय १९०१ सालचं. याच गावात १९९० मध्ये मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींनी आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली. मनाच्या आजारांबद्दल मराठीत मोकळेपणाने बोलणं तेव्हापासून कितीतरी वाढलं, विनोद मात्र आहे तिथेच आहे. तुमच्याआधी एका क्लासमध्ये मी आजाराचं खरं सांगितलं, तर काउंटरवरच्या बाईंनी "फिट असल्याचं सर्टिफिकेट आणा" म्हणत फॉर्म परत ओढून घेतला. डायबेटिसवाल्याकडे असं कुणी मागतं का?

तुम्ही विचारलंत, "दिवसातला तुमचा चांगला वेळ कोणता?" मी बघतच राहिले. रात्रीच्या गोळीची गुंगी सकाळी दहापर्यंत उतरत नाही हे घरच्यांच्याही पचनी पडलेलं नव्हतं. तुम्ही आठची बॅच खोडून साडेअकराची लिहिलीत. मग विचारलंत, कुठे बसायला बरं वाटेल. पाठीमागून कुणी ये-जा केली की माझं चित्त थाऱ्यावर राहत नाही, म्हणून भिंतीला पाठ लागेल असं कोपऱ्यातलं मशीन दिलंत. आणि शेवटी, अगदी फी विचारावी तशा आवाजात, "तब्येत बिघडायला लागली तर मला कशावरून कळेल? आणि मी फोन कुणाला करू?" मी सांगितलं, झोप उडते, आणि दोघी जणी हसल्या तरी मलाच हसताहेत असं वाटायला लागतं. फोन ताईला करा, आईला नको. तुम्ही ते माझ्यासमोर कागदावर उतरवलंत, माझी सही घेतलीत आणि कागद ड्रॉवरमध्ये ठेवलात.

पुढे डॉक्टरांकडून कळलं की २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात अशीच सोय आहे. आजारात आपल्याला कसे उपचार हवेत आणि कसे नकोत हे माणूस बरा असतानाच लिहून ठेवू शकतो, आपल्या वतीने बोलणारी व्यक्तीही स्वतः नेमू शकतो. तुमच्या ड्रॉवरमधला कागद म्हणजे त्या कायद्याचं धाकटं भावंडच.

आणखी एक. तुम्ही मला "अहो" म्हणायचात. आमच्यासारख्यांशी लोक बोलतात ते "बाळा, जमेल हं तुला" अशा सुरात, मग समोरच्या बाळाचे केस पिकलेले का असेनात. तुमचा सूर "अहो, तीन चुका आहेत, पान पुन्हा काढा" असा. कॉलेजच्या मुलींना लाल पेनाने जेवढे गोल, तेवढेच मला. तो लाल रंग जरा सौम्य चालला असता, एवढी तक्रार मात्र नोंदवून ठेवते.

आता खरं शिकवणं. इन्स्क्रिप्ट या मराठी टायपिंगच्या कीबोर्डवर स्वर आणि मात्रा डाव्या हाताकडे, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताकडे, हे तुम्ही पहिल्या दिवशी सगळ्यांना फळ्यावर समजावलंत. मला वेगळी पानं दिलीत. एका पानावर एकच काम. पहिल्या पानावर उजव्या हाताची फक्त चार अक्षरं, र, क, त, च. ती बोटांत बसेपर्यंत दुसरं पान मिळालं नाही. तोंडी सूचना एका वेळी एकच. सोपं वाटतं, पण मी आयुष्यात जे जे अर्धवट सोडलं ते बहुतेक "हे करा, मग ते करा, आणि झालं की ते" अशा वाक्यांपाशीच सोडलंय.

मग कंपाचा प्रश्न आला. औषधांनी माझे हात थरथरतात. ठाणे हा शब्द काढायला शिफ्ट दोनदा लागतं, एकदा ठ साठी आणि एकदा ण साठी. शिफ्टवरची करंगळी दोन्ही वेळा सटकली की ठाण्याचं टामे होतं. माझ्या पानांवर ओळीच्या ओळी टामे असायच्या, आणि बोट कीवर जास्त रेंगाळलं की क च्या जागी ककक. तुम्ही दोन दिवस नुसतं माझ्या हातांकडे बघितलंत. तिसऱ्या दिवशी आल्या आल्या शिफ्ट पाचदा दाबायला लावलंत आणि स्टिकी कीज चालू केलंत. आता शिफ्ट दाबून सोडायचं आणि मग अक्षर दाबायचं, दोन्ही एकदम धरायला नको. नंतर उजवं शिफ्ट आठ सेकंद धरून फिल्टर कीज. चुकून रेंगाळलेली की मशीन मोजेनासं झालं. हे सगळं विंडोजमध्ये फुकट असतं, आणि मी कितीतरी वर्षं हातांनाच दोष देत होते. ती सोय झाल्यावर तुम्ही लगेच म्हणालात, "आता टामे दिसलं तर चूक धरणार."

मधे मी आजारी पडले. तुम्ही कागदाप्रमाणे ताईला फोन केलात, म्हणून गोष्ट लवकर हाताशी आली. काही महिन्यांनी परतले तेव्हा कोपऱ्यातलं मशीन रिकामं होतं. तुम्ही "कुठे होतात" विचारलं नाहीत, नवी फी मागितली नाहीत. सोडलं होतं त्याच्या दोन पानं अलीकडून सुरू करायला सांगितलंत. आधी जमलेलं पुन्हा जमलं आणि माझी भीती गेली.

दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत मानसिक आजारही येतो हेही तुमच्याच नोटीस बोर्डावर वाचलं. फीच्या तक्त्याशेजारी तुम्ही टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लावला आहे, चोवीस तास फुकट चालणारा. फीचा तक्ता बघण्याच्या निमित्ताने तो नंबर उतरवून घेणारी मुलं मी पाहिली आहेत. यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, मी नंतर काढलं. त्या तपासणीत स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद आणि काम असे चार भाग बघतात. कामाबद्दल विचारलं तेव्हा मी तुमच्या क्लासचं सांगितलं.

आणि नोकरी. नौपाड्यातल्या छपाईवाल्यांकडे पाठवताना तुम्ही म्हणालात, "आजाराचं सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी फक्त तुमचा स्पीड आणि चुका सांगेन." मी पहिल्या पगारानंतर सांगितलं. मालक म्हणाले, "बरं, मग दुपारचीच वेळ ठेवू ना?" लग्नसराईत मी दिवसभर "आमच्या येथे श्रीकृपेकरून" आणि "चि. सौ. कां." टाइप करत असते. परवा एका वधूच्या आजोबांचं नाव गाळून पत्रिका मंजूर करून गेलेल्या पार्टीला मीच फोन करून विचारलं. मालकांनी त्याबद्दल चहा मागवला, स्पेशल.

एक काम आहे. ओपीडीत ओळख झालेला एक मुलगा येत्या मंगळवारी तुमच्याकडे येईल. हुशार आहे, अकाउंट्स शिकायचं म्हणतो. पंख्याच्या घरघरीने तो बेचैन होतो, तेव्हा त्याला खिडकीकडचं मशीन बघा. बाकी काय विचारायचं ते तुम्हाला ठाऊक आहे. माझी साडेअकराची वेळ आता रिकामी आहे, ती त्याला द्या.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुमची,
कोपऱ्यातल्या मशीनवरची विद्यार्थिनी