फोटोला वेळ कामातूनच काढायचा

ती. आई आणि बाबा यांस,
सा. न. वि. वि.

नारळी पौर्णिमा झाली की तुम्ही दोघं मालगुंडहून इकडे रत्नागिरीला राहायला येताय. बाबा म्हणाले, दुकानात नुसता बसणार नाही, काहीतरी काम दे. काम आहे, आणि ते तुमच्या दोघांच्याही हातचं आहे: गाड्यांचे फोटो. फोनवर सांगितलं तर निम्मं विसरायला होईल, म्हणून सगळं लिहून काढते. कागद खिशात ठेवा.

आमच्या डिटेलिंगच्या, म्हणजे गाड्या धुऊन-पॉलिश करून नव्यासारख्या करण्याच्या धंद्यात ज्याला विचाराल तो म्हणतो, फोटो काढायला वेळ मिळत नाही. वेळ मिळत नाही, कारण सगळे तो शेवटी शोधतात. तेव्हा अंधार पडलेला असतो, मालक किल्ली मागत असतो, खांदे भरून आलेले असतात. पण दिवसभराच्या कामात अशा बऱ्याच जागा असतात, जिथे फोम किंवा केमिकल आपलं काम करत असतं आणि माणूस नुसता उभा असतो. फोटो तिथे बसवायचे. दुसरं म्हणजे, काम झाल्यानंतरचा फोटो थोडा उशिरा काढला तरी चालतो, आधीचा मात्र परत मिळत नाही. गाडीवर पाणी पडलं की तो गेला. म्हणून पाइप हातात घेण्याआधी फोटो, हा नियम. मी घाईत असले तरी बाबा, तुम्ही मला थांबवायचं.

गाडी आली की आईने जॉब कार्ड भरायचं. तुझं अक्षर सुवाच्य आहे, त्याचा इथे फार उपयोग आहे. गाडीचा नंबर, तारीख, काय काम ठरलं ते लिहायचं आणि खाली मालकाला विचारून लिहायचं की फोटो लोकांना दाखवले तर चालतील का. नाही म्हणाले तर फोटो फक्त आपल्या नोंदीपुरते. पहिला फोटो त्या कार्डाचाच काढायचा. मग पुढचं कार्ड येईपर्यंतचे सगळे फोटो त्या गाडीचे. रात्री कुठला बंपर कुणाचा ते शोधत बसावं लागत नाही.

त्यानंतर मालक उभा असतानाच गाडीभोवती एक फेरी. चारही कोपऱ्यांतून तिरका एकेक फोटो. मग आधीपासून असलेली नुकसानी जवळून: बॉनेटवर खडी लागून उडालेला रंग, अलॉय व्हीलची फुटपाथला घासलेली कड, बंपरचे कोपरे, काचेवरची चीर. शेवटी मीटरवरचे किलोमीटर आणि पेट्रोलचा काटा. दहा मिनिटांचं काम आहे. ‘गाडी दिली तेव्हा हे नव्हतं’ हे वाक्य त्यामुळे निघतच नाही, आणि मला हे फोटो जाहिरातीच्या फोटोंपेक्षा मोलाचे वाटतात.

दाखवायच्या फोटोंत नंबर प्लेट नको. नंतर फोनवर पुसत बसण्यापेक्षा आधीच झाका. काळ्या कार्डबोर्डचे दोन तुकडे भिंतीला लटकवलेत, ते लावायचे. गाडीतली कागदपत्रं, मुलांची दप्तरं, देवाचे फोटो चौकटीत येत नाहीत ना ते आई, तू बघ. कुणाच्या घरी जाऊन काम केलं तर फोनचं लोकेशन बंद करून मगच कॅमेरा उघडायचा, नाहीतर त्यांच्या घराचं ठिकाण फोटोच्या आत नोंदलं जातं.

शेडमधल्या कोब्यावर पिवळ्या ऑइलपेंटच्या खुणा आहेत. पुढची दोन चाकं कुठे थांबवायची त्या दोन, आणि ट्रायपॉडच्या तीन पायांच्या तीन. गाडी आणि फोन रोज त्याच जागी आले की आधीचा आणि नंतरचा फोटो आपोआप एकसारखा येतो, विचार करावा लागत नाही. ट्रायपॉड गाडीपासून साधारण पंधरा फुटांवर, फोन हेडलाइटच्या उंचीला. कॅमेऱ्याचा झूम साध्या एकवर ठेवा, जमलं तर दोनवर. ०.५ वाली रुंद लेन्स नको, तिने बंपर फुगलेला आणि मागची बाजू चेपलेली दिसते. पुढची चाकं थोडी वळवून घ्यायची, म्हणजे टायरच्या नक्षीऐवजी अलॉयचा चेहरा दिसतो.

आता कामातल्या मोकळ्या जागा. स्नो फोम, म्हणजे साबणाचा दाट फेस, मारला की तो पाच ते सात मिनिटं मुरू द्यायचा असतो, फक्त वाळू द्यायचा नाही. त्यात दोन फोटो होतात. पुढे आयर्न रिमूव्हर: ब्रेकच्या धुळीतले लोखंडाचे कण रंगात रुतलेले असतात, त्यांच्यावर ते पडलं की जांभळे ओघळ येतात. हे बघायला लोकांना फार आवडतं, पण वेळ थोडा असतो. दोन-तीन मिनिटांनी रंग भरात येतो आणि चार-पाच मिनिटांत धुवावंच लागतं. घड्याळ बाबांकडे. ओघळ सगळ्यात ठळक अलॉय व्हीलवर आणि डिकीच्या खालच्या भागावर दिसतात, तेही पांढऱ्या गाडीवर. काळ्या गाडीच्या पत्र्यावर हा फोटो काढण्यात अर्थ नाही.

गाडी धुऊन, क्ले (रंगात रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी) फिरवून, पूर्ण कोरडी झाली की खरा ‘आधीचा’ फोटो येतो. ओल्या पत्र्यावर ओरखडे लपतात, धुळीतही लपतात. चुकीच्या कपड्याने पुसून पुसून जे बारीक ओरखडे पडतात, आम्ही त्यांना स्वर्ल म्हणतो, ते ट्यूबच्या पसरट उजेडात दिसतच नाहीत. एका बिंदूतून येणारा उजेड लागतो, म्हणजे ऊन किंवा टॉर्च. पावसाळ्यात ऊन कुठून आणणार, म्हणून टॉर्च. शेडमधल्या सगळ्या ट्यूब बंद करायच्या. टॉर्च पत्र्यापासून दीड-दोन फुटांवर, किंचित तिरपा धरायचा. ओरखडे सगळ्या दिशांना असतात, पण त्यातले उजेडाला आडवे असतील तेच चमकतात, त्यामुळे दिव्याच्या ठिपक्याभोवती कोळ्याचं जाळं विणल्यासारखं दिसतं.

इथे फोन हमखास फसतो. तो पत्र्यावर फोकस करायचं सोडून पत्र्यातल्या प्रतिबिंबावर करतो. टॉर्चचा गोळा सुबक येतो आणि ओरखडे धूसर. उपाय सोपा आहे. ठिपक्याशेजारी मास्किंग टेपचा बोटभर तुकडा चिकटवायचा. स्क्रीनवर टेपच्या कडेवर बोट दाबून धरायचं, फोकस लॉक झाला की उजेडाची पट्टी खाली ओढायची, टॉर्चचा गोळा फुटल्यासारखा दिसायचा थांबेपर्यंत. मग फोटो. टेप काढू नका. त्याच टेपशेजारी, तोच टॉर्च तेवढ्याच अंतरावर धरून, उजेडाची पट्टी तेवढीच ठेवून नंतरचा फोटो काढायचाय. नंतरच्या वेळी टॉर्च मंद केला किंवा फोटो थोडा काळपट घेतला तर ओरखडे फोटोतून जातात, गाडीवरून जात नाहीत. असले फोटो लोक सर्रास काढतात. आपल्याकडे तसा एकही नको.

ह्याच कारणासाठी आणखी एक सांगते. पॉलिशचं मशीन फिरवून झालं की पत्रा आरशासारखा दिसतो, पण तो फोटो घ्यायचा नाही. पॉलिशमधलं तेल ओरखड्यांत भरून बसलेलं असतं. आयपीए, म्हणजे तेल काढणारं अल्कोहोल, मारून मायक्रोफायबरच्या फडक्याने पुसलं की तेल निघतं आणि खरं काय झालंय ते कळतं. मी पुसून हात वर केला की मगच बाबांनी बटण दाबायचं.

अर्धं-अर्धं हा फोटो मला सगळ्यात आवडतो. बॉनेटवर मधोमध टेपची पट्टी लावून एकाच बाजूला पॉलिश करायचं, आयपीएने पुसायचं, टेप काढायची आणि रेषेवर बरोबर टॉर्च धरायचा. एकाच फोटोत, एकाच उजेडात दोन्ही बाजू येतात, त्यामुळे त्यात लबाडीला जागाच नाही. पिवळट पडलेल्या हेडलाइटचंही तसंच. अर्ध्यावर टेप, उरलेल्या अर्ध्यावर ८००, १५००, २०००, ३००० असा पॉलिशपेपर पाण्यासकट चढत न्यायचा आणि मग कंपाउंड, म्हणजे जाडसर पॉलिश. इथे मात्र घाई करू नका. घासून झाल्यावर काच दुधी दिसते, मालक बघत असेल तर दचकतो. तो दुधी टप्पाही टिपून ठेवा, पुढच्या गिऱ्हाइकाला समजावायला कामी येतो.

पांढऱ्या गाडीवर टॉर्चच्या फोटोचा नाद सोडा, स्वर्ल नीट दिसत नाहीत. तिथे दाराच्या खालच्या भागावरचे डांबराचे ठिपके आणि बोअरच्या पाण्याचे वाळलेले डाग टिपा. पांढरी गाडी फोन राखाडी करून टाकतो, तेव्हा उजेडाची पट्टी जराशी वर. काळी गाडी तो फिकट करतो, तेव्हा खाली. शेडमध्ये ट्यूब आणि बाहेरचा दिवसाचा उजेड एकत्र आले की पांढरा रंग एका बाजूला निळसर, दुसऱ्या बाजूला पिवळट येतो. एक काहीतरी ठेवा. शटर वर असेल तर ट्यूब बंद.

कोटिंग, म्हणजे रंगावरचा संरक्षक थर, लावताना मला हाक मारू नका आणि माझ्याकडून फोटोची अपेक्षाही ठेवू नका. दोन बाय दोन फुटांचा भाग लावायचा, तो तेलकट इंद्रधनुषी दिसायला लागला की लगेच पुसून सपाट करायचा. किती वेळाने ते दमट हवेत रोज बदलतं, नजर काढता येत नाही. उशीर झाला की डाग तिथेच बसतो आणि परत पॉलिश करावं लागतं. हातात मोजे, मोज्यांना कोटिंग. तो हात फोनला लागला तर फोनच्या काचेचंही कोटिंग होईल. बाबा, तुम्ही दोन हात लांबून, ट्रायपॉडवरून टाइमलॅप्स लावून द्या आणि बाजूला व्हा. फोन बॉनेटवर किंवा छतावर क्षणभरही ठेवायचा नाही. गळ्यात दोरी आहे, तीत अडकवा.

पाण्याचे टपोरे थेंब दाखवणारे फोटो खूप लोक मागतात. एखाददुसरा काढू. पण स्वस्तातलं वॅक्स लावलं तरी थेंब येतात, त्यावरून काम चांगलं झालं की वाईट ते कळत नाही.

गाडीच्या आतलं काम गणपतीच्या आधी जास्त येईल, कारण पावसाळाभर बंद उभ्या राहिलेल्या गाड्यांत बुरा चढतो. सीटबेल्टचा फोटो काढताना बेल्ट पूर्ण बाहेर ओढून घ्या. गुंडाळलेल्या भागातच करडे ठिपके जास्त असतात, आणि ते भाग मालकानेही कधी बघितलेले नसतात. सीटच्या कापडावरचा बुरा समोरच्या उजेडात सपाट दिसतो, टॉर्च कापडाला जवळजवळ टेकवून आडवा धरला की त्याची लव उभी दिसते. आरेवारेच्या किनाऱ्यावर जाऊन आलेल्या गाडीत वाळू सीटच्या रुळांत साठते. सीट पूर्ण मागे सरकवून एक फोटो, पूर्ण पुढे घेऊन एक. सीट मशीनने धुतली की निघालेलं पाणी आपल्या पांढऱ्या बादलीत ओतून त्याचाही फोटो घ्या, त्यापुढे काही बोलावं लागत नाही. आई, हे आतले फोटो तूच काढ. बुऱ्याला हात लावायचा नाही, तोंडाला मास्क हवाच.

पूर्ण गाडीच्या शेवटच्या फोटोला पावसाळी ढगाळ आभाळ उत्तम. उजेड सगळीकडून सारखा पडतो, सावल्या कडक येत नाहीत. मात्र आपल्या आवाराला जांभ्याची माती आहे, गाडी बाहेर काढली की चाकांना लाल चिखल लागतो. म्हणून कोब्यावरच, शटरच्या तोंडाशी. त्याआधी आरसे, दाराच्या फटी आणि नंबर प्लेटच्या मागे ब्लोअर मारून घेते, नाहीतर तिथलं पाणी नेमकं फोटोच्या वेळी ओघळतं. बादल्या, पाइप, चहाचे ग्लास चौकटीबाहेर. बाबा, त्या दिवशी पांढरा शर्ट घालू नका, काळ्या गाडीच्या दारात तुम्ही पूर्ण दिसाल. गडद रंग बरा. आई, तुझी जरीच्या काठाची साडीही तशीच दिसते.

मालकाला ‘गाडी तयार आहे’ हा फोन शेवटचा फोटो झाल्यावरच जाईल. तोवर कुणी विचारलं तर संध्याकाळची वेळ सांगायची.

बारीकसारीक: एसी केबिनमधून फोन बाहेर आणला की लेन्सवर वाफ धरते, पाच मिनिटं थांबा. लेन्स दर वेळी स्वच्छ मायक्रोफायबरने पुसा, टायर-पॉलिशचा हात लागलेला असतो. व्हिडिओत आडवे पट्टे सरकताना दिसले तर तो एलईडीचा दोष, सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ निवडा. लाईट कधीही जाते, टॉर्च रोज रात्री चार्जिंगला.

नुसत्या धुवायला आलेल्या गाडीला फेरीतले फोटो आणि शेवटी एक, बस. दोन दिवसांचं काम असेल तरच वरचं सगळं, आणि तेही मिळून पाऊण तासाच्या वर जायला नको. त्यातला बराचसा वेळ फोम आणि केमिकल मुरण्यातच निघतो. रात्री जेवणाआधी आपण तिघं बसून दर गाडीचे सहा-सात निवडू. बाकीचे हार्ड डिस्कवर.

बाबा, जवळचं बघायचा चष्मा आणि त्याची दोरी आणा. आई, कोब्यावर चालायला रबरी चपला आण, साबणाच्या पाण्यावरून घसरायला होतं. दोघांच्या गोळ्या महिनाभराच्या घ्या. एस.टी.त बसलात की फोन करा, स्टँडवर घ्यायला येते.

तुमची लेक