शिक्क्यातली ओळ

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

तुझी बॅग भरून झाली. आई आत लाडू डब्यात भरतेय आणि मी दप्तर बाजूला सारून लिहायला बसलोय. उद्या गाडीवर हे बोलणं होणार नाही.

बी.ए.चा निकाल लागला त्या संध्याकाळी तू म्हणालीस, मध्ययुगीन इतिहासात एम.ए. करायचंय, अलीगढला. मी दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही. तलाठ्याच्या मुलीनं स्पर्धा परीक्षा देऊन तहसीलदार व्हावं, हे मी तू दहावीत असल्यापासून मनात धरून बसलो होतो. त्या दोन दिवसांचं मला फार वाईट वाटतं, बाळा.

मन फिरलं ते आजोबांच्या ट्रंकेतल्या कागदामुळे. दसऱ्याला तो बाहेर काढायचा, हळदकुंकू वाहायचं, पुन्हा फडक्यात गुंडाळून ठेवायचा, एवढंच मी जन्मभर पाहिलं. वाचता कुणालाच येत नव्हता. मोडीचा वर्ग पुरा करून आलीस आणि तो फरशीवर पसरून पालथी पडलीस. बोट कागदाला लागू न देता वरच्या वर एकेक अक्षर गिरवत होतीस. ‘सबा सबैन मया व अलफ’ एवढं वाचलंस आणि उठून बसलीस. म्हणालीस, बाबा, हा आकडा आहे, अरबी. सबा म्हणजे सात, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. जुन्या कागदांतली कालगणना, शुहूर सन ११७७. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७६. आणि हे साल मृगाला बदलतं, सूर्य मृग नक्षत्रात शिरला की नवं. माझे वडील पेरणीचा सगळा हिशोब मृगापासून धरायचे, ते मला तिथेच आठवलं.

पुढं तंटा निघाला, बांधाचा! कुणी कुणाच्या शेतात किती सरकला, आणि खाली साक्षीला पाटील, कुलकर्णी, चौगुला, वेसकर. पंचवीस वर्षं मी हेच ऐकत आलोय, मुक्ता. सातबारा आणि नकाशा घेऊन शेतात उभं राहायचं आणि दोघांचं ऐकून घ्यायचं. अडीचशे वर्षांपूर्वी त्याच मातीत कुणीतरी तसाच उभा होता, हे तुझ्या तोंडून ऐकलं आणि मी गप्प झालो.

गावात विचारतात, पोरगी अलीगढलाच का? मी सांगतो, तिथला इतिहास विभाग मध्ययुगाच्या अभ्यासासाठी देशात नावाजलेला आहे, आणि तिथं फारसी शिकता येतं. यादवांचं राज्य गेल्यावर दख्खनच्या दरबारांत फारसी शिरली ती पार मुरली. महसूल, दप्तर, जमाबंदी, मौजे हे मी रोज लिहितो, ते शब्द त्याच वाटेनं आले. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, यावरूनच कळतं की कारभारात ही भाषा किती खोल गेली होती. आपल्या मराठवाड्यातले, निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी सरकारी नोकरीत असूनही फारसी साधनं मराठीत आणत राहिले. पुण्यात ग. ह. खऱ्यांनी तेच केलं. फारसी आलं नाही तर तुला दुसऱ्याच्या भाषांतरावर विसंबावं लागेल, म्हणून पहिलं वर्ष भाषेवर घाल, बाकी मागे पडलं तरी चालेल.

श्रावणात भद्रा मारुतीला चालत गेलो होतो, तेव्हा तू सातवीत होतीस. दर्शन झाल्यावर हट्ट धरलास की खुलताबादेतच मलिक अंबरची कबर आहे, ती बघायची. माझे पाय भरून आले होते, तरी गेलो. हबसाणातून, म्हणजे आजच्या इथिओपियातून, गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर होतो, खडकी, म्हणजे आजचं संभाजीनगर, वसवतो, जमिनीची प्रतवारी करून धारा, म्हणजे शेतसारा, बसवतो आणि १६२६ साली इथंच मातीत जातो, हे तू मला तिथल्या ओट्यावर बसून सांगितलंस. तो धारा माझ्या कामाचा पूर्वज म्हणायला हरकत नाही. तुला काय शिकायचंय ते खरं तर मला तेव्हाच समजायला हवं होतं.

आता कबरी आणि किल्ल्यांवरून लोक हमरीतुमरीवर येतात. इकडचेही आणि तिकडचेही तुझ्याकडून सोयीचं ऐकू पाहतील. कागदात आहे तेवढंच सांग. मी चुकीचा फेरफार कधी ओढला नाही, त्यासाठी बदल्याही सोसल्या. तुलाही असा दबाव येईल, तेव्हा मला फोन कर. मी तुझ्या बाजूनं आहे.

पैसे दर महिन्याच्या पाच तारखेला जमा होतील. पीएच.डी.पर्यंत जायचं म्हणालीस तरी होतील. तिकडची थंडी आपल्यासारखी नाही, रजई जड वाटली तरी ने.

निळ्या वहीत त्या कागदाची झेरॉक्स ठेवलीय. माथ्यावर तो गोल शिक्का आहे ना, आत फारसीत बारीक ओळ, जिथं तुझं बोटही थांबलं होतं? अक्षरं लागायला लागली की आधी ती वाच. वाचलीस की रात्री कितीही वाजलेले असोत, फोन लाव. मी उचलतो.

तुझे
बाबा