कॅप्सूलचं कवच म्हणजे नुसतं पाकीट नाही

मा. संपादक, स.न.

निरोगी माणसाच्या शौचातले बॅक्टेरिया कॅप्सूलमधून देऊन पेशंट बरा करायचा, यावर हल्ली बरंच छापून येतं पण बहुतेक ठिकाणी ‘ई, किळसवाणं’ इथेच गाडी अडते. ती कॅप्सूल गिळल्यावर फुटते कुठे हे कुणी सांगतच नाही आणि मी फार्मासिस्ट असल्यामुळे मला तर तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

साधी जिलेटिनची कॅप्सूल जठरात काही मिनिटांत उघडते. उपाशी पोटी तिथे पीएच 1 ते 3 (आकडा जितका कमी तितकं ॲसिड कडक), त्यात आतड्यातले बरेचसे नाजूक बॅक्टेरिया टिकत नाहीत, मग उपयोग काय? म्हणून कवच असं लागतं की ॲसिडमध्ये तग धरेल आणि पुढे लहान आतड्यात पीएच 6 च्या वर गेला की सुटेल. बोस्टनच्या डॉक्टरांनी 2014 मध्ये असल्याच गोठवलेल्या कॅप्सूल, रोज 15 अशा सलग दोन दिवस, सी. डिफिसिल नावाच्या आतड्यातल्या बॅक्टेरियामुळे पुन्हापुन्हा जुलाब होणाऱ्या 20 पेशंटना दिल्या, 14 जणांना पहिल्याच वेळी गुण आला आणि बाकीच्यांना परत दिल्यावर एकूण 18 जण बरे झाले. 2017 च्या कॅनडातल्या अभ्यासात हे बॅक्टेरिया कोलोनोस्कोपीने (गुदद्वारातून मोठ्या आतड्यात नळी घालून) दिले काय किंवा कॅप्सूलने दिले काय, दोन्हीकडे 96 टक्के पेशंटना 12 आठवड्यांत आजार उलटला नाही. नळी घालायची गरजच नाही, केवढा मोठा दिलासा आहे हा! 2023 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या व्हाउस्ट या याच आजारावरच्या कॅप्सूलमध्ये तर बॅक्टेरियाचे बीजाणूच (स्पोअर, म्हणजे टणक आवरणातलं त्यांचं झोपलेलं रूप) असतात, ते मुळातच ॲसिडला दाद देत नाहीत, रोज 4 कॅप्सूल, तीन दिवस, उपाशी पोटी.

आतड्यात उघडणाऱ्या गोळ्या-कॅप्सूलची टेस्ट आम्ही कॉलेजात करायचो. सहा काचेच्या नळ्यांची बास्केट 37 डिग्रीच्या ॲसिडमध्ये दोन तास खालीवर होत राहते, एकालाही चीर जाता कामा नये, मग 6.8 पीएचच्या बफरमध्ये (आतड्यासारख्या द्रावणात) टाकलं की तासाभरात सगळं विरघळलं पाहिजे. एवढी मेहनत करून बनवलेलं कवच आपल्याकडे लोक घरी सरळ फोडतात, पावडर मधात कालवून आजीला चाटवतात, पोराला केळ्यात घालून देतात, वरून गरम चहा! काउंटरवर हे रोज ऐकते मी. सगळ्याच कॅप्सूल फोडायच्या नसतात असं नाही, काही चालतात, पण कुठली चालते ते आम्हाला विचारा ना, विचारायला काय पैसे पडतात का.

आणि कंपन्यांना एक विनंती आपल्या पेपरातून पोचवा. ज्या कॅप्सूल फोडायच्या नाहीत त्यांच्या स्ट्रिपवर ‘फोडू नये, चावू नये, अख्खी गिळावी’ हे मराठीत, चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या अक्षरात छापा.

– एक फार्मासिस्ट, सातारा