स्वालबार्डला निघालेल्या लेकीस

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा नॉर्वेचा बेत काल रात्री बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. ऑस्लो, मग ट्रोम्सो, तिथून विमानाने स्वालबार्डमधलं लाँगयिअरब्येन, परत ऑस्लो, आणि येताना दोन दिवस कोपनहेगन. मुक्ता बरोबर आहे म्हणून मी निर्धास्त आहे. पण व्हिसाच्या अर्जात किती वेळा प्रवेश हवा या रकान्यात तू 'एकदा' लिहिणार आहेस, ते लिहू नकोस. हे सांगण्यासाठीच मुख्यतः हे पत्र. फोनवर तू घाईत असतेस, आणि हा मुद्दा घाईत ऐकण्यासारखा नाही.

उत्तर ध्रुवाजवळचा हा स्वालबार्ड बेटांचा समूह नॉर्वेचा आहे, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. ट्रोम्सोहून लाँगयिअरब्येनच्या विमानात बसण्यापूर्वी तुझा पासपोर्ट तपासतील, आणि त्या क्षणी तू शेंगेनमधून बाहेर पडलीस अशी नोंद होईल. परत ऑस्लोला उतरशील तो तुझा दुसरा प्रवेश. व्हिसा एकदाच्या प्रवेशाचा असेल तर तो तोवर संपलेला असेल. स्वालबार्डला स्वतःचा व्हिसा लागत नाही हे तू वाचलंस ते खरंच आहे, पण आपल्याला तिथे जायला-यायला नॉर्वेच्या मुख्य भूमीवरूनच वाट आहे. म्हणून रकान्यात 'दोनदा' लिही, आणि सोबतच्या पत्रात दोन ओळींत कारण दे: अमुक तारखेला ट्रोम्सोहून स्वालबार्ड, अमुक तारखेला परत ऑस्लो. विमानाचं आरक्षण त्या तारखांशी जुळलं पाहिजे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपने सीमेवर टप्प्याटप्प्याने संगणकीय नोंदी सुरू केल्या. पासपोर्टवरच्या शिक्क्याची जागा आता चेहऱ्याचा फोटो आणि तारीख-वेळ यांनी घेतली आहे. तिथे समजावून सांगून काम होईल अशी आशा धरू नये.

व्हिसा का लागत नाही त्याची गोष्ट मला फार आवडली. ९ फेब्रुवारी १९२० ला पॅरिसमध्ये स्वालबार्डचा करार झाला. सार्वभौमत्व नॉर्वेला मिळालं, आणि सही करणाऱ्या सगळ्या देशांच्या लोकांना तिथे जाण्याचा, व्यवसाय करण्याचा समान हक्क राहिला. त्यात हिंदुस्थानही होता, ब्रिटिश साम्राज्याचा भाग म्हणून. आपलं 'हिमाद्री' संशोधन केंद्र २००८ पासून तिथल्या न्यु-ऑलेसुनला आहे. आणि लाँगयिअरब्येनजवळच्या डोंगराच्या पोटात जगभरच्या बियाण्यांचं कोठार आहे ना, त्यात हैदराबादच्या इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या संशोधन संस्थेने ठेवलेली ज्वारी, बाजरी, तूर, हरभऱ्याची वाणं आहेत, उणे १८ अंशांत. पर्यटकांना आत सोडत नाहीत, दारापर्यंतच जाता येतं. तेवढं तरी जाऊन ये. आजोबांनी जन्मभर शाळूच पेरला, त्यांच्या नातीने ते दार पाहावं असं मला मनापासून वाटतं.

आता विमा. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो, तो तू काढशीलच. पण पॉलिसीवर नुसतं 'शेंगेन देश' छापलं असेल तर स्वालबार्ड त्यात येतं का हे कंपनीकडून लेखी घे. तिथलं रुग्णालय छोटं आहे, गंभीर रुग्णाला विमानाने ट्रोम्सोला हलवतात. तो खर्च, आणि बर्फात शोध घेऊन सोडवून आणण्याचा खर्च, दोन्ही पॉलिसीत हवेत. दोन-चार हजार जास्त गेले तर मी देते, पण यात कंजुषी नको.

पैशांबद्दल. नॉर्वे सर्वसाधारणपणे माणशी दिवसाला ५०० क्रोनर तरी खात्यात दिसावेत असं पाहतं. तेवढ्यात तिथल्या हॉटेलात जेमतेम दोन वेळचं जेवण होईल, तेव्हा प्रत्यक्ष खर्चाचा अंदाज त्यावरून बांधू नकोस. बाबा म्हणत होते, तिच्या खात्यात दोन लाख टाकून ठेवतो. मी नको म्हटलं. बँकेत आयुष्य गेलं माझं. अर्जाच्या आठवडाभर आधी आलेली मोठी रक्कम स्टेटमेंटमध्ये सगळ्यात आधी डोळ्यांत भरते. तुझा पगार दरमहा येतो, शिल्लक हळूहळू वाढलेली दिसते, तेच पुरेसं बोलकं आहे. तीन महिन्यांचं स्टेटमेंट बँकेच्या सही-शिक्क्यासह घे, पगाराच्या पावत्या, आयटीआर आणि ऑफिसचं रजा मंजूर केल्याचं पत्र जोड. त्या पत्रात कामावर परत रुजू होण्याची तारीख असू दे. ही मुलगी परत येणार आहे, हेच त्या सगळ्या कागदांतून त्यांना वाचायचं असतं.

पासपोर्टही बघ. युरोपातून निघण्याच्या तारखेनंतर तीन महिने तो चालू हवा, दहा वर्षांच्या आत काढलेला हवा, दोन पानं कोरी हवीत. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, शंका आली तर पंचेचाळीसपर्यंत जातात. मार्चला जायचंय तर डिसेंबरात फॉर्म भरून मोकळी हो. शुल्क ९० युरो, शिवाय अर्ज घेणाऱ्या केंद्राचं वेगळं. व्हिसा हातात येईपर्यंत विमानाचं नुसतं आरक्षण ठेव, आणि हॉटेलं रद्द करता येतील अशीच घे. जर्मनीच्या वेळी दिलेले बोटांचे ठसे ५९ महिने चालतात, त्यामुळे तुझे कदाचित पुन्हा घेणार नाहीत. मुक्ताचा हा पहिलाच व्हिसा, तिला मात्र ठसे द्यायला जावं लागेल. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी एक चांगला नियम आलाय: तीन वर्षांत दोन व्हिसे मिळून ते नीट वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा, कितीही वेळा प्रवेशाचा मिळू शकतो. म्हणून या खेपेच्या तारखा काटेकोर पाळ.

कोपनहेगन काढून टाक असं मी म्हणेन. दोन दिवसांत ते होत नाही, आणि ते दिवस ट्रोम्सोला दिलेस तर ध्रुवीय प्रकाश दिसण्याची शक्यता वाढते. तो ढगांवर अवलंबून असतो. तीन रात्री ढगाळ गेल्या तर चौथी हाताशी हवी. ट्रोम्सोला मार्चअखेरपर्यंत रात्री पुरेशा काळ्या असतात. डिसेंबर टाळलास ते फार चांगलं केलंस. तेव्हा ट्रोम्सोला सूर्य क्षितिजावर येतच नाही, आणि लाँगयिअरब्येनला तर ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तो नसतो. डोंगरांमुळे गावात ऊन पोचायला ८ मार्चच्या आसपासचा दिवस उजाडतो. तेव्हा गाव आठवडाभर सूर्याचा उत्सव करतं, मुलं जुन्या रुग्णालयाच्या पायऱ्यांपाशी जमून त्याची वाट बघतात. जमलं तर त्याच आठवड्यात तिथे राहा. हॉटेलं तेव्हा भरतात, म्हणून ते आरक्षण सगळ्यात आधी कर.

गावाबाहेर वाटाड्याशिवाय पाऊल टाकू नकोस, फोटोसाठीसुद्धा नाही. पांढऱ्या अस्वलांमुळे तिथे बंदूकधारी वाटाड्या बरोबर असतो. २०२५ पासून नियम असा आहे की अस्वलापासून ३०० मीटर दूर राहायचं, आणि १ मार्च ते ३० जून ५०० मीटर. म्हणजे तुमच्या दिवसांत पाचशेच. सहलवाले जवळून दाखवतो म्हणाले तर त्यांच्याकडे पैसे भरू नकोस.

कपडे लोकरीचे, अंगालगतचा थरसुद्धा लोकरीचाच. सुती बनियन घामाने ओलं झालं की अंग गार पडतं. वरचे जाड सूट आणि बूट बर्फावरच्या गाडीच्या सहलीत देतात, ते विकत घेऊ नकोस. पायमोजे मात्र चांगले आणि जास्त घे, कारण तिथल्या हॉटेलांत आणि संग्रहालयातही बूट दारात काढून आत जातात. कोळशाच्या खाणीतून येणाऱ्यांनी घर काळं करू नये म्हणून पडलेली ती रीत. शेवटची नॉर्वेजियन खाण २०२५ मध्ये बंद झाली, तरी रीत चालू आहे.

खाण्याचं मी पाहते. पण ऐक, तूप, पेढे, पनीर, खव्याचं काहीही भारतातून नॉर्वेत नेता येत नाही. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बंद आहेत, बटाटेसुद्धा. म्हणून या वेळी लाडू नाहीत. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, थालीपिठाची भाजणी आणि भडंग देते. औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट ठेव.

फॉर्म भरलास की पाठवण्याआधी मला दाखव. रविवारी दुपारी मी मोकळी आहे, आपण एकेक रकाना वाचू. मुक्तालाही बसव, तिचाही प्रवेश दोनदाचाच हवा.

तुझी,
आई