आत्या, त्या शनिवारांसाठी थँक्यू

प्रिय आत्या,

हे फोनवर सांगितलं असतं तर तू "बरं बरं, जेवलीस का" करून विषय बदलला असतास, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

2009 ला आईबाबांनी घटस्फोटाचा अर्ज केला तेव्हा मी चौथीत. परस्पर संमतीचा असला तरी हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13बी खाली तेव्हा सहा महिने थांबावं लागायचं, आणि त्या सहा महिन्यांत जो तो समजूत घालायला यायचा, आणि प्रत्येक वेळी बेल वाजली की मला वाटायचं आता मिटलं. 2017 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर कोर्ट ही मुदत माफ करू शकतं हे वाचलं तेव्हा खरं सांगू, हायसं वाटलं, आताच्या चौथीतल्या पोरांसाठी.

मग कागदावर आलं, दुसरा आणि चौथा शनिवार बाबांकडे. त्या दोघांना समोरासमोर यायचं नव्हतं, तू म्हणालीस माझ्याकडे सोडा. आई साडेनऊला कोथरूडला तुझ्या दारात सोडून जायची, बाबा अकराला यायचे, मधला दीड तास मी तुझ्या ओट्याशेजारी थालीपीठ खात भूगोलाचा राहिलेला होमवर्क करायचे. बाबांनी नवी गाडी घेतली हे आईला सांगायचं की नाही असली गणितं पण तिथेच. तू एकदाच म्हणालीस, "इकडचं तिकडे पोचवायला तू काय पोस्टमन आहेस का गं?" सुटले मी! आणि बाबांची सख्खी बहीण असून आईला तू आजही वहिनीच म्हणतेस. नणंद-भावजयीबद्दल त्या कागदात काही नव्हतंच म्हणा.

परिणाम झाला का विचारतात लोक. झाला ना. 27 वर्षांची झाले तरी कोणी कपाट जोरात लावलं की मी थांबून कान देते. ज्याच्याशी लग्न ठरलंय त्याच्याशी वाजलं की गप्प बसून मनात बॅग भरते (चार्जर पहिला). पण "मुलीसाठी तरी एकत्र राहायचं" म्हणणाऱ्यांनी आमचं तेव्हाचं घर पाहिलेलं नाही, टीव्ही सोडून कोणी बोलायचं नाही तिथे.

मार्चमध्ये अशीच खरीखुरी बॅग घेऊन तुझ्याकडे आले. तू काही विचारलं नाहीस, थालीपीठ लावलंस आणि आत जाऊन त्याला फोन केलास, "अकराला ये, घेऊन जा हिला."

पावणेअकरालाच आला होता गं तो, जिन्यात उभा होता हेल्मेट घालून.

तुझी भाची